सामायिक दप्तर आणि नाकारलेली परवानगी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें ६० किलोमीटर गेलें कीं मंचर लागतें. आंबेगांव तालुक्याचें सरकारी ठाणें घोडेगांव असलें, तरी व्यापाराचें ठाणें मंचरच. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें जुनें गांव डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. नांव राहिलें आणि जागा गेली. हा प्रकार आजच्या विषयाशीं अगदींच असंबद्ध नाहीं, हें पुढें दिसेल.

अशा बाजारगांवांतील एखाद्या अडत्याची पेढी श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. मालाची आवक, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, हमाली व तोलाई यांचे आंकडे हें सारें पूर्वीं कापडी बांधणीच्या चोपड्यांत असे. आतां तें कोपऱ्यांतील एका लहानशा पेटींत असतें. पेटींत माहिती साठविणाऱ्या चकत्या असतात, पेटीस नेटवर्कची तार जोडलेली असते, आणि त्या तारेच्या द्वारां मालक, दिवाणजी, वसुलीचा कारकून व पुण्याच्या शाखेंत बसणारा मालकाचा मुलगा असे चौघे एकाच दप्तरावर काम करतात. एके सकाळीं दिवाणजी रोजची फाईल उघडावयास जातात आणि पडद्यावर दोन शब्द उमटतात: परवानगी नाकारली. काल सायंकाळपर्यंत हीच फाईल, हाच माणूस आणि हेंच यंत्र होतें. बाहेर गाड्या उभ्या आहेत, शेतकरी पट्टी मागत आहेत, आणि आंतील आंकडे कोणास दिसत नाहींत.

असें झालें म्हणजे मनांत प्रथम दोन तर्क येतात. फाईल बिघडली, हा एक. कोणी तरी खोडी केली, हा दुसरा. बहुधा दोन्ही चुकीचे ठरतात. ‘परवानगी नाकारली’ या वाक्यांत तीन पात्रें आहेत: कागद, कागद मागणारा, आणि दारावर उभा असलेला पहारेकरी. यांपैकीं कागद जवळजवळ नेहमीं निर्दोष असतो. एक तर मागणारा कोण हें पहारेकऱ्यास ओळखूं येईनासें होतें, नाहीं तर पहारेकऱ्यास मिळालेला हुकूमच रातोरात बदललेला असतो. संगणकशास्त्राच्या नियमांपेक्षां त्या नियमांच्या इतिहासावरून ही गोष्ट अधिक चांगली उमगते, असें मला वाटतें. आणि हा इतिहास आपल्या मुलखांत यंत्रें येण्याच्या कितीतरी आधीं सुरू होतो.

गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं असे. अधिकारानें पाटील मोठा, पण कागद कुलकर्ण्याच्या हातीं. परगण्याच्या पायरीवर देशमुख आणि देशपांडे यांची हीच जोडी. दप्तर पाहावयास येणाऱ्याचा चेहरा ओळखीचा असे, आणि ती ओळख हीच परवानगी. माणसें थोडीं आणि पिढ्यान् पिढ्या तीच, तोंवर ही व्यवस्था चालली. जमिनीचे व्यवहार वाढले, परगांवचे सावकार व खरेदीदार आले, आणि ओळख अपुरी पडूं लागली. मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं हक्कनोंदीचा कायदा झाला. पुढें १९५० सालच्या कायद्यानें कुलकर्णी वतनेंच रद्द झालीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या १५० व्या कलमांतील फेरफाराची रीत पाहण्यासारखी आहे. गांवच्या ज्या महसुली कर्मचाऱ्यास आपण सवयीनें तलाठी म्हणतों, त्यानें फेरफाराच्या नोंदवहींत नोंद लिहावयाची, तिची प्रत चावडींत लावावयाची, हितसंबंधितांस कळवावयाचें, हरकतीस पंधरा दिवस ठेवावयाचे. आणि नोंद प्रमाणित करावयाची ती मात्र दुसऱ्या, वरच्या अधिकाऱ्यानें. वाचण्याचा हक्क सर्वांस, लिहिण्याचा एकास, मंजुरीचा तिसऱ्यास. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, तेव्हां या जुन्या वांटणीस संगणकाचें रूप आलें. मूळ कल्पना कागदाच्याच काळची आहे.

दुसरें उदाहरण पुण्याच्या पेशवे दप्तराचें. १८१८ सालीं राज्य गेलें आणि दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यांत आलें. सरकारास त्याची गरज मुख्यतः इनामांच्या व वतनांच्या चौकशीपुरती होती. इतिहास लिहूं पाहणाऱ्यांस तें कित्येक दशकें जवळजवळ बंदच राहिलें. क्वचित् कोणास मुभा मिळे, तीही निवडक रुमालांपुरती. मग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातीं तें काम आलें आणि १९३० ते १९३४ या अवधींत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांत रुमालांतील कागदांत कांहींएक फरक पडला नव्हता. कागद तेच, खोली तीच, मागणारे तेच. बदलला तो दारावरचा हुकूम.

आतां यंत्राकडे वळूं. आरंभीच्या संगणकावर एका वेळीं एकच माणूस काम करी, त्यामुळें परवानगीचा प्रश्नच नव्हता. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची पद्धत दाखविली. अनेक माणसें आलीं तेव्हां प्रत्येकाच्या फाईली निराळ्या ठेवणें आलें, आणि त्याबरोबर पासवर्ड आला. याच यंत्रावर साठीच्या दशकांत एक मौजेची गोष्ट घडली. रोज काम सुरू करणाऱ्यास जी सूचना दिसे, तिच्या जागीं एके दिवशीं सर्वांचे पासवर्ड दिसूं लागले. कोणी चोरी केली नव्हती. दोघे व्यवस्थापक एकाच वेळीं दोन निरनिराळ्या फाईली दुरुस्त करीत होते, आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमानें दोघांच्याही कच्च्या प्रतीस एकच नांव दिलें होतें. नांवांचा घोटाळा झाला कीं दार भलत्याकडे उघडतें किंवा भलत्यावर बंद होतें. या कथेंत तें उघडलें एवढेंच.

त्यानंतर त्याच संस्थेनें इतरांच्या साह्यानें ‘मल्टिक्स’ नांवाची मोठी व्यवस्था रचली. तींत प्रत्येक फाईलीस एक यादी जोडलेली असे: अमक्यास वाचतां येईल, तमक्यास लिहितां येईल. बेल प्रयोगशाळा या कामांतून १९६९ सालीं बाहेर पडली आणि तेथील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं लहान यंत्रासाठीं आटोपशीर ‘युनिक्स’ रचलें. लांब यादी त्यांनीं टाकून दिली. कांहीं वर्षांत स्थिर झालेला त्यांचा हिशेब असा: फाईलीच्या संबंधांत जगांतील माणसें तीनच प्रकारचीं, धनी, धन्याचा गट आणि इतर, आणि करण्याच्या गोष्टीही तीनच, वाचणें, लिहिणें व चालविणें. तीन त्रिक नऊ खुणांत सारी परवानगी बसली. इतकी काटकसर मराठी संसारांतही क्वचित् दिसते.

परंतु खरी मेख येथें नाहीं. युनिक्सनें माणसाचें नांव फाईलीवर लिहिलें नाहीं, त्याचा अंक लिहिला. धनी म्हणजे ‘दिवाणजी’ नव्हे, धनी म्हणजे १००१. नांव आणि अंक यांची सांगड एका वेगळ्या वहींत, आणि ती वही प्रत्येक यंत्राची स्वतःची. एकच यंत्र असे तोंवर यांत कांहीं बिघडत नव्हतें.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ सालीं ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’ काढली. दूरच्या यंत्रावरील फाईली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरतां येऊं लागल्या. त्या वेळच्या विश्वासाची कल्पना आज करवत नाहीं. आपण कोण हें मागणारें यंत्र स्वतःच सांगे, तेंही अंकानें, आणि देणारें यंत्र तें खरें मानी. आपल्या पेढीवर याचा परिणाम काय होईल तो पाहावा. पुण्याच्या शाखेंतील यंत्र बिघडलें, तें नव्यानें सिद्ध केलें, आणि तसें करतांना मुलानें प्रथम कारकुनाचें खातें उघडलें व मागाहून दिवाणजींचें. पूर्वीं १००१ दिवाणजी होते, आतां १००१ कारकून झाला. पासवर्ड बरोबर, नांव बरोबर, तार बरोबर. तरी मंचरची पेटी दिवाणजींस त्यांच्याच फाईली देत नाहीं, आणि कारकुनास मात्र निमूटपणें देते. दिवाणजी तक्रार करतात; कारकून अर्थातच करीत नाहीं. म्हणून अशा वेळीं ज्यास नकार मिळाला त्याचीच चौकशी करून भागत नाहीं, ज्यास अकल्पित होकार मिळाला त्यालाही गांठावें लागतें.

याच पद्धतींत आणखी एक खोड राहून गेली. ओळख सांगणाऱ्या पत्रिकेंत माणसाच्या गटांसाठीं सोळाच जागा ठेवल्या होत्या. त्या काळीं सोळा पुष्कळ वाटल्या. मोठ्या संस्थांत आज एकेक माणूस वीस वीस, तीस तीस गटांत असतो. एखाद्यास बढती मिळते, त्याचें नांव सतराव्या गटांत जातें, आणि त्याच दिवशीं जुन्या एखाद्या कपाटाचें दार त्याला बंद होतें. कारण पत्रिकेंत न मावलेला गट दारापर्यंत पोंचतच नाहीं. अधिकार वाढविल्यानें परवानगी जावी, हें ऐकून व्यवस्थापकांनीं कपाळास हात लावला असेल तर नवल नाहीं. तसाच प्रकार यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा. आपल्या यंत्रावर त्याला अटकाव नाहीं, पण दुसऱ्याच्या दारीं त्याची गणना सावधगिरी म्हणून ‘कोणीही नव्हे’ या खात्यांत होते. परमुलखांत गेलेल्या संस्थानिकाची आठवण व्हावी असा हा देखावा असतो. पुढें या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तींत अंकाऐवजीं नांवें पाठविण्याची सोय झाली. पण दोन्ही टोकांस क्षेत्राचें नांव सारखें लिहिलेलें नसेल, तर सर्व मंडळी एकजात ‘कोणीही नव्हे’ होऊन बसतात.

कचेऱ्यांत व पेढ्यांत जी पद्धत अधिक रूढ झाली ती दुसरी. तिचा उगम आय. बी. एम. कंपनींत १९८३ च्या सुमारास बॅरी फाइगेनबॉम यांच्या कामांत झाला, मायक्रोसॉफ्टनें ती वाढविली, आणि तिला एस. एम. बी. हें नांव पडलें. विंडोजची फाईल वांटण्याची भाषा ती हीच. ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें १९९२ च्या सुमारास तिची युनिक्ससाठीं स्वतंत्र रचना केली. एस, एम आणि बी हीं अक्षरें क्रमानें येतील असा शब्द त्यानें शब्दसंग्रहांत शोधला आणि ‘साम्बा’ हें नांव ठेविलें. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांच्या पोटांत हाच साम्बा असतो.

१९९३ सालच्या विंडोज एनटीबरोबर मल्टिक्सची ती जुनी लांब यादी परत आली. प्रत्येक फाईलीवर यादी, यादींत माणसें आणि गट. येथेंही नांव नव्हे, एक लांबलचक अंकच लिहिलेला असतो. एखाद्याचें खातें काढून टाकून त्याच नांवानें पुन्हां उघडलें, तरी नवा अंक मिळतो आणि जुन्या यादींत तो बसत नाहीं. यादी उघडून पाहावी तर नांवाच्या जागीं नुसते आंकडे दिसतात. आंबेगांवाचें नांव राहिलें आणि गांव गेलें. येथें अंक राहतो आणि माणूस जातो.

अचानक येणाऱ्या नकारांचें या व्यवस्थेंतलें फार मोठें कारण अगदीं साधें आहे, आणि तें माहीत नसल्यानें दिवसचे दिवस वायां जातात. फाईलीची नक्कल केली, तर नव्या प्रतीस ज्या कपाटांत ती गेली त्या कपाटाची यादी लागते. परंतु त्याच चकतीवर फाईल एका कपाटांतून दुसऱ्यांत सरकविली, तर ती आपली जुनी यादी बरोबर घेऊन जाते. मालकानें आपल्या खासगी कपाटांतील दरपत्रक संध्याकाळीं उचलून सर्वांच्या कपाटांत ठेविलें. सकाळीं तें सर्वांस दिसतें, पण उघडत नाहीं. मालकास मात्र उघडतें, म्हणून मालक म्हणतो कीं कांहींच झालें नाहीं. दोघेही खरें बोलत असतात.

शिवाय या घरास दारें दोन. एक वाड्याचा दरवाजा, म्हणजे नेटवर्कवरून आंत येण्याची परवानगी. दुसरें कपाटाचें कुलूप, म्हणजे फाईलीवरची यादी. नेटवर्कवरून येणाऱ्यास दोन्ही ओलांडावीं लागतात, आणि दोहोंत जें अधिक कडक तेंच चालतें. पेटीच समोर ठेवून काम करणाऱ्यास फक्त कुलूप आडवें येतें. म्हणून तीच फाईल यंत्रासमोर बसून उघडली आणि दुरून उघडली नाहीं, तर कुलुपाशीं झटापट करूं नये, दरवाजा पाहावा. आणखी एक: माणूस कामास बसतांना त्याच्या गटांचा बिल्ला तयार होतो आणि तो दिवसभर तसाच राहतो. दुपारीं त्याला नव्या गटांत घातलें तरी जुन्या बिल्ल्यावर ती नोंद नसते. बाहेर पडून पुन्हां आंत आल्यावांचून नवा अधिकार लागूं होत नाहीं. दुरुस्त झालेलीं कित्येक कामें याच एका कारणानें फसलेलीं समजून पुन्हां बिघडविलीं जातात.

मोठ्या संस्थांत ओळख पटविण्याचें काम एका त्रयस्थाकडे असतें. त्या व्यवस्थेस ‘केर्बेरॉस’ हें ग्रीक पुराणांतील तीन डोक्यांच्या कुत्र्याचें नांव आहे. १९८३ सालीं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंत सुरू झालेल्या ‘अथीना’ या उपक्रमांतून ती निघाली, आणि पुढें विंडोज २००० नें ती स्वीकारली. तिचें कार्य आपल्या जुन्या दस्तकासारखें आहे. नाणेघाटानें किंवा बोरघाटानें जाणाऱ्या प्रवाशानें मुख्य ठिकाणाहून दस्तक घ्यावें आणि चौकीवर दाखवावें. चौकीदारानें माणूस ओळखावयाचा नाहीं, शिक्का ओळखावयाचा. केर्बेरॉसच्या दस्तकावर वेळही लिहिलेली असते, आणि दोन्ही टोकांच्या घड्याळांत सर्वसाधारणपणें पांच मिनिटांहून अधिक अंतर पडलें कीं दस्तक निरुपयोगी होतें. यंत्राच्या पोटांतील घड्याळाची लहानशी बॅटरी संपावी, वीज जाऊन यावी, घड्याळ मागें पडावें, आणि कालपर्यंतचा विश्वासू कारकून आज परका ठरावा, असें घडतें. येथें पासवर्ड दहा वेळां बदलून कांहीं होत नाहीं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावें.

मुदतीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों कीं प्रत्येक नकार हा बिघाड नसतो. मंचरच्या उत्तरेस नारायणगांव, आणि तेथून पूर्वेस खोडद. तेथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली विशाल रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. या दुर्बिणीतून ज्या संशोधकानें निरीक्षण केलें, त्यालाच तीं टिपणें प्रथम अठरा महिने पाहतां येतात. मुदत संपल्यावर तीं इतरांस खुलीं होतात. मधल्या काळांत परक्यानें मागितलीं तर दार बंद, आणि तें योग्यच. ज्यानें रात्री जागविल्या त्याला आपल्या कामाचें फळ प्रथम मिळावें, म्हणून तें बंद आहे. नकार आला म्हणजे तो हेतुपुरस्सर तर नाहीं ना, हें कोणास तरी विचारून घेणें हेंही चौकशीचेंच अंग होय.

आतां हुकूम बदलल्याची गोष्ट. एस. एम. बी. ची पहिली आवृत्ति ऐंशींच्या दशकांतली, म्हणजे भोळ्या काळची. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाची खंडणीखोर कीड याच आवृत्तीच्या एका छिद्रांतून जगभर पसरली. छिद्र बुजविण्याचें साधन मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच दिलें होतें. पुष्कळांनीं तें लावलें नव्हतें. पुढच्याच महिन्याच्या २७ तारखेस ‘नॉटपेट्या’ आली. तिनें तेंच छिद्र वापरलें, आणि शिवाय एका यंत्रावर सांपडलेल्या पासवर्डांच्या बळावर दुसऱ्यांत शिरली. डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाचीं यंत्रें तिनें निकामी केलीं, आणि त्याचा तडाखा आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरास बसला. त्या समूहाच्या हातीं असलेल्या टर्मिनलाचें काम खोळंबलें, पेट्या कोणत्या जहाजाच्या हें यंत्रावांचून ठरवावें लागलें. पुणें-नाशिककडचा कांदा व द्राक्षें ज्या बंदरांतून परदेशीं जातात, तें हें बंदर.

या दोन घटनांनंतर दारावरचे हुकूम भराभर बदलले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तींत ती जुनी बोली नव्या यंत्रावर बसविणेंच बंद झालें. ज्या पेट्यांस तेवढीच बोली येत होती, त्या नव्या यंत्रांस दिसेनाशा झाल्या. त्याच सुमारास मोठ्या कचेऱ्यांसाठींच्या आवृत्त्यांत ‘पाहुणा’ म्हणून, पासवर्डावांचून आंत जाण्याची सोय काढून घेतली. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ति २०२४ सालीं आली. तिनें प्रत्येक निरोपावर सही असलीच पाहिजे असा नियम केला आणि व्यावसायिक आवृत्तींतूनही पाहुण्यास बाहेर काढलें. पाहुण्यास पासवर्ड नाहीं, म्हणून त्याला सही करतां येत नाहीं. सही नाहीं, म्हणून प्रवेश नाहीं. आपल्या पेढीसारख्या ठिकाणीं वर्षानुवर्षें सर्वजण पाहुणे म्हणूनच वावरत असतात, आणि कोणास त्याची जाणीवही नसते. रात्रीं यंत्र आपोआप नवें होतें आणि सकाळीं पाहुण्यांस दार बंद. पेटीस कोणी हात लावलेला नसतो, फाईलीस तर नाहींच.

अशा वेळीं गोंधळलेला माणूस जो उपाय हमखास करतो, त्याबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. तो सर्व फाईलींवर ‘सर्वांस सर्व अधिकार’ असें लिहून मोकळा होतो, किंवा नव्या यंत्रावर जुना ढिला नियम पुन्हां चालू करतो. काम सुरू होतें, हें खरें. पण पहिल्या उपायानें वर्षानुवर्षांच्या याद्या एका क्षणांत पुसल्या जातात. कोणास काय दाखवावयाचें नव्हतें हें मग कोणालाच सांगतां येत नाहीं. दुसऱ्या उपायानें जो ढिलेपणा मुद्दाम बंद केला होता, तोच पुन्हां आंत येतो. खंडणीखोर कीड ज्या माणसाच्या यंत्रावर येते, त्याच्या अधिकारानेंच फाईली कुलूपबंद करते. कारकुनास फक्त वसुलीचें कपाट लिहितां येत असेल तर तेवढेंच जाईल. सर्वांस सर्व असेल तर दहा वर्षांच्या हिशेबपट्ट्या जातील. कागदावरच्या नऊ खुणा क्षुल्लक वाटतात, परंतु पेढी उघडी राहील कीं बंद पडेल हें त्यांवर ठरूं शकतें.

मग करावें काय? मी तर पहिला प्रश्न माणसाविषयीं विचारीन, फाईलीविषयीं नव्हे. नकार एकास आहे कीं सर्वांस? एकास असेल तर त्याची ओळख तपासावी: पासवर्डाची मुदत संपली काय, यंत्रानें जुनाच पासवर्ड लक्षांत ठेविला आहे काय, तो दुसऱ्याच खात्यानें आंत शिरला आहे काय. युनिक्स आणि विंडोज या दोहोंतही एक आज्ञा आहे, तिचा अर्थ ‘मी कोण?’ हाच प्रश्न आपल्याकडे फार निराळ्या हेतूनें विचारला गेला आहे. येथें त्याचें उत्तर एका ओळींत मिळतें, आणि पुष्कळदां तें अनपेक्षित असतें. नकार सर्वांस एकदम मिळत असेल, तर रात्रीं काय बदललें तें शोधावें: यंत्राचें नूतनीकरण, पेटीचें नूतनीकरण, घड्याळ, वीज. नुसतें वाचतां येत असेल पण लिहितां येत नसेल, तर चकती भरली आहे किंवा दोष आढळल्यानें पेटीनेंच ती केवळ वाचण्यापुरती ठेविली आहे, हीही शक्यता असते. आणि पेटीनें ठेविलेली नोंद वाचावी. पडद्यावर दोन शब्द दिसले तरी दाराआंतल्या नोंदवहींत पहारेकऱ्यानें कारण बहुधा सविस्तर लिहिलेलें असतें. तें वाचण्याचा कंटाळा हा या विषयांतील सर्वांत महागडा कंटाळा आहे. पाहुणेपणा हें कारण निघालें, तर पेटींत चौघांचीं चार खातीं उघडावीं, प्रत्येकास त्याचें नांव व पासवर्ड द्यावा. अर्ध्या तासाचें काम आहे.

राहतां राहिला कागद. तो निर्दोष आहे असें मीं आरंभीं म्हटलें. तें तपासण्याचीही सोय आहे, आणि ती फार जुनी आहे. युनिक्स प्रत्येक फाईलीबरोबर एकाहून अधिक वेळा लिहून ठेवतें. आंतील मजकूर शेवटचा केव्हां बदलला, ही एक. आणि तिच्या बाह्य गोष्टी, म्हणजे धनी, गट व त्या नऊ खुणा यांत शेवटचा फरक केव्हां पडला, ही दुसरी. मजकूर बदलला तर दोन्ही वेळा पुढें सरकतात. नुसती परवानगी बदलली तर दुसरीच सरकते. दिवाणजींच्या फाईलीवरील ही दुसरी वेळ आज पहांटेची निघाली, तर त्या सुमारास पेटींत कोण किंवा कोणता कार्यक्रम फिरून गेला तें नोंदवहींत पाहावें. रात्रींची प्रत परत बसविणाराही तेथें सांपडेल. ती मागच्या आठवड्यांतली किंवा मागच्या वर्षाची असेल, तर फाईल मिटून ठेवावी आणि चौकशी दारावर न्यावी.